मुका रुग्ण : पाळीव कुत्र्याचे आजार आणि औषधपाण्याचा खर्च

महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत पशुवैद्याच्या दवाखान्याला आजही ‘गुरांचा दवाखाना’ असेच म्हणतात. या नावात पशुवैद्यकाचा सारा इतिहास साठवलेला आहे. इ. स. १७६१ मध्ये क्लोद बूर्झला यांनी फ्रान्समधील लिआँ या शहरी पशुवैद्यकाचे पहिले विद्यालय स्थापन केले, ते प्रामुख्याने घोडे व गुरे यांच्यासाठी. भारतात १८८९ साली पुण्यास एक प्रयोगशाळा निघाली. पुढे मुक्तेश्वर व इज्जतनगर येथे वाढत जाऊन तीच आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था बनली. तिच्यापुढचा प्रश्नही बुळकांडीसारख्या, गोठेच्या गोठे रिकामे करणाऱ्या रोगांचाच होता. बैल मेला तर शेत पडीक राहते, घोडा मेला तर तोफ जागची हलत नाही. म्हणून त्यांच्या आरोग्यावर राज्यकर्त्यांनी पैसा खर्च केला. कुत्रा या हिशेबात बसत नव्हता. तो दारात राखण करी, उरलेसुरले खाई, आणि आजारी पडला तर एखाद्या कोपऱ्यात जाऊन बरा होई किंवा मरून जाई.

गेल्या काही दशकांत शहरांतून, आणि आता लहान गावांतूनही, हा दाराबाहेरचा प्राणी घरात आला. त्याला नाव मिळाले, निजण्याची जागा मिळाली, आणि ओघानेच त्याचे आजारपणही घरच्या माणसांच्या वाट्यास आले. तथापि गुरांसाठी जशी सरकारी दवाखान्यांची आणि लसीकरणाच्या मोहिमांची परंपरा आहे, तशी कुत्र्यासाठी उभी राहिलेली नाही. रेबीजच्या लसीचा अपवाद सोडला तर त्याच्या उपचारांचा जवळजवळ सगळा भार एका कुटुंबाच्या खिशावर पडतो. परिणामी अनेक घरांत असा एक दिवस उगवतो की, पशुवैद्याने उच्चारलेला आकडा आणि टेबलावर निपचित पडलेले जनावर यांमध्ये निवड करण्याची वेळ येते. ही वेळ पुष्कळदा टाळता येते, आणि आलीच तरी त्या दोहोंमध्ये आणखी काही वाटा असतात. त्या वाटा कोणत्या, हे येथे पाहावयाचे आहे.

खर्च कशाचा होतो

कुत्र्याच्या उपचारांचे बिल पाहून ‘माणसालासुद्धा इतका खर्च येत नाही’ असे उद्गार नेहमी ऐकू येतात. ते समजण्याजोगे आहेत, पण बरोबर नाहीत. माणसाच्या आजारपणाचा खर्च शासकीय रुग्णालये, कामगार विमा योजना आणि वैद्यकीय विमा अशा अनेक खांद्यांवर वाटला जातो, त्यामुळे त्याचा खरा आकडा रुग्णाच्या नजरेस क्वचितच पडतो. कुत्र्याच्या बाबतीत तो उघडा पडतो, एवढेच. क्ष-किरण यंत्र तेच असते, भुलीचे औषध तेच, शस्त्रक्रियेचा दोराही तोच. शिवाय माणूस क्ष-किरण यंत्रासमोर सांगितल्याप्रमाणे श्वास रोखून स्थिर उभा राहतो. दुखावलेल्या कुत्र्यास मात्र त्याच साध्या चित्रासाठी पुष्कळदा गुंगीचे औषध द्यावे लागते.

दुसरी बाब वजनाची. बहुतेक औषधांची मात्रा शरीराच्या वजनावर ठरते. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक गोचिडीमुळे होणाऱ्या एका रोगावर सर्वसाधारणपणे दर किलो वजनास दिवसाकाठी १० मिलिग्रॅम या प्रमाणात २८ दिवस दिले जाते. ५ किलोच्या पॉमेरेनियनला सबंध उपचारात १४०० मिलिग्रॅम औषध लागेल, तर ४० किलोच्या अल्सेशियनला ११,२०० मिलिग्रॅम, म्हणजे बरोबर आठपट. लहान कुत्रा आणि मोठा कुत्रा यांच्या खाण्यातला फरक लोक हिशेबात धरतात. औषधांतला धरत नाहीत.

तिसरी बाब जातीची. सपाट चेहऱ्याचा पग दिसायला गोड खरा, परंतु त्याचे नाक व घसा इतके आखडलेले असतात की, उन्हाळ्यात साधा फेरफटकासुद्धा त्याच्या जिवावर बेतू शकतो. कुत्र्याच्या अंगाला माणसाप्रमाणे घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांवर येतो तेवढाच. धापा टाकून तो शरीरातील उष्णता बाहेर टाकतो, आणि पगला नीट धापच टाकता येत नाही. अल्सेशियन व लॅब्रेडॉर यांच्यात खुब्याच्या सांध्याची घडण सदोष असण्याचे प्रमाण मोठे आहे. बर्फाळ डोंगरातला सेंट बर्नार्ड मुंबईच्या दमट हवेत आणून ठेवणे हा तर त्या मुक्या जिवावर निव्वळ अन्याय होय. पिलाची किंमत हा खर्चाचा पहिला हप्ता असतो, आणि बहुधा सर्वांत लहान. आपल्याकडचे मुधोळ, राजपालयम, कारवान यांसारखे कुत्रे, किंवा रस्त्यावरून घरात आणलेले साधे गावठी पिलू, या विशिष्ट दुखण्यांपासून पुष्कळ अंशी मुक्त असते. मात्र संसर्गजन्य रोग जात पाहत नाहीत.

जो बोलत नाही त्याची भाषा

पशुवैद्यापुढचा रुग्ण मुका असतो. त्यातून कुत्रा आपले दुखणे होता होईल तो लपवतो. दात कुजून पू झालेला असतानाही तो शेपटी हलवत ताटलीपाशी येतो. सारांश, रोगाची हकीकत सांगण्याचे काम मालकालाच करावे लागते. ‘दोन-तीन दिवस जरा मंद आहे’ एवढीच हकीकत मिळाली तर पशुवैद्यास अनेक दिशांनी तपासण्या कराव्या लागतात, आणि प्रत्येक तपासणीस पैसे पडतात. याउलट ‘सोमवारपासून पाणी दुप्पट पितो, रात्री दोनदा लघवीस उठवतो, वजन महिन्यात दीड किलोने उतरले’ असे सांगणारा मालक निम्मे निदान स्वतःबरोबर घेऊन आलेला असतो.

असे निरीक्षण करण्यास विशेष साधने लागत नाहीत. निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारणपणे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे माणसाहून अधिक. त्यामुळे त्याचे अंग आपल्या हाताला नेहमीच कोमट लागते, आणि केवळ स्पर्शावरून ताप ओळखू पाहणारा माणूस फसतो. नाक ओले असेल तर कुत्रा निरोगी, ही समजूतही निराधार आहे. झोपून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचेही नाक कोरडे असते. खरा ताप गुदद्वारात तापमापक ठेवूनच कळतो, आणि त्याकरिता एक वेगळा तापमापक घरात असावा.

श्वास मोजणे त्याहून सोपे. कुत्रा गाढ झोपेत असताना त्याच्या छातीचे उठणे-बसणे एक मिनिट मोजावे. झोपेत हा आकडा मिनिटास ३० च्या वर वारंवार जाऊ लागला तर हृदय वा फुप्फुस यांच्याकडे पशुवैद्याचे लक्ष वेधले पाहिजे. ओठ उचलून हिरडी पाहावी. ती गुलाबी असावी. बोटाने दाबल्यावर पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावी. हिरडी फिकट, पिवळी किंवा निळसर दिसली तर सकाळची वाट पाहू नये. काही कुत्र्यांची हिरडी जन्मतः काळी असते. तेथे डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहतात. वजनासाठी आधी कुत्र्यास उचलून घेऊन काट्यावर उभे राहावे, नंतर एकट्याने, आणि वजाबाकी करावी. महिन्यातून एकदा ही नोंद वहीत केली की, म्हाताऱ्या कुत्र्याचे पुष्कळसे रोग आपली चाहूल आधी देतात.

काही लक्षणे मात्र वही उघडण्यास वेळ ठेवत नाहीत. भरदार छातीच्या मोठ्या कुत्र्याचे पोट एकाएकी फुगणे, ओकारी काढूनही काही बाहेर न पडणे, लघवी अडणे, लागोपाठ झटके येणे, उन्हात कोसळणे, यांपैकी काहीही दिसल्यास काही तासांचा उशीर प्राणघातक ठरतो. उन्हात कोसळलेल्या कुत्र्यावर पाणी ओतून, पंख्याचा वारा घालीतच त्याला दवाखान्यात न्यावे.

टोचून घेतलेली लस आणि न टोचलेली लस

१९७८ साली निरनिराळ्या देशांतील पशुवैद्यांना कुत्र्यांत एक नवाच रोग आढळू लागला. पिले अन्न सोडीत, एकसारखी ओकत, त्यांना दुर्गंधीयुक्त रक्ती हगवण लागे, आणि दोन-तीन दिवसांत ती मरत. मांजरात पूर्वीपासून असलेल्या एका विषाणूच्या जवळच्या नात्यातला हा विषाणू अल्पावधीत जगभर पसरला. पार्व्होव्हायरस या नावाने आज तो भारतातील प्रत्येक पशुवैद्याच्या परिचयाचा आहे. ज्या पेशी झपाट्याने विभागतात त्यांच्यातच तो वाढतो. म्हणून आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा ही त्याची मुख्य लक्ष्ये होत. अस्तर झडून गेले की, आतड्यातील सूक्ष्मजंतू रक्तात शिरतात, आणि त्याच वेळी त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तयार करणारी अस्थिमज्जा पांगळी झालेली असते. उपचार न झाल्यास दहांतील नऊपर्यंत पिले दगावू शकतात. हा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो, चपलांबरोबर घरात येतो, आणि नेहमीच्या फिनेलने मरत नाही. त्याला ब्लीचचे द्रावणच लागते.

या रोगाच्या उपचारात बरेच दिवस सलाईन, इंजेक्शने आणि अहोरात्र देखरेख लागते, आणि खर्च सहज हजारांच्या घरात जातो. प्रतिबंधक लशीचा संपूर्ण क्रम त्याच्या अगदी लहानशा अंशात पुरा होतो. तरीही ‘लस दिली होती, तरी पिलू मेले’ अशी तक्रार ऐकू येते. तिचे कारण शास्त्रीय आहे, आणि ते समजून घेणे अगत्याचे आहे. आईच्या पहिल्या दुधातून पिलास काही प्रतिपिंडे मिळतात. ती त्याचे रक्षण करतात, परंतु लशीतला दुर्बल केलेला विषाणूही तीच निकामी करून टाकतात. ही उसनी शक्ती कुठल्या पिलात सहाव्या आठवड्यास संपते, तर कुठल्यात चौदाव्या. ती नेमकी केव्हा संपली हे बाहेरून दिसत नाही. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरुवात करून, दर तीन ते चार आठवड्यांनी, पिलू सोळा आठवड्यांचे होईतो लस पुनःपुन्हा टोचतात. यांपैकी एकतरी मात्रा योग्य वेळी पडावी हा हेतू. एक मात्रा देऊन पुढच्या मात्रांचे पैसे वाचवणारा मालक बहुधा नेमकी कामाची मात्राच गमावतो. क्रम पुरा होईपर्यंत पिलास रस्त्यावर वा बागेत इतर कुत्र्यांच्या जागी सोडू नये.

डिस्टेंपर आणि कावीळ यांवरील संरक्षण पुष्कळदा त्याच इंजेक्शनातून मिळते. पावसाळ्यात उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस माणसालाही होतो, तेव्हा त्याच्या लशीविषयी पशुवैद्यास मुद्दाम विचारावे.

रेबीजची गोष्ट वेगळी. येथे उपचारांचा खर्च हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण उपचार नाहीत. लुई पाश्चर यांनी १८८५ साली पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या मुलास लस टोचून वाचवले, परंतु लक्षणे उमटल्यानंतर हा रोग जवळजवळ नेहमीच मृत्यूकडे जातो. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे त्यास बळी पडतात असा अंदाज असून त्यांतील बहुतेकांना तो कुत्र्याच्या चाव्यातून झालेला असतो. कुत्र्यास तिसऱ्या महिन्यात पहिली लस आणि पुढे पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणे नियमित लस द्यावी. २८ सप्टेंबर या जागतिक रेबीज दिनी अनेक ठिकाणी ती मोफत मिळते. कुत्रा चावलाच, मग तो कितीही ओळखीचा असो, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन थेट माणसांच्या रुग्णालयात जावे.

भिंतीच्या भेगेतला शत्रू

भारतासारख्या उष्ण देशात कुत्रा पाळणाऱ्याचा पैसा आणि मनःशांती सर्वांत जास्त कोणी खात असेल तर ती गोचीड. तपकिरी रंगाची ही कुत्र्याची गोचीड घरातही आपला संसार थाटते. अंड्यातून निघालेली अळी, नंतरची मधली अवस्था आणि शेवटी प्रौढ गोचीड अशी तिची तीन रूपे. प्रत्येक रूपात ती कुत्र्यावर चढून रक्त पिते, आणि पोट भरले की गळून पडते. मग फरशीच्या सांध्यात, भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे दडून ती पुढच्या रूपात जाते. एकेक मादी हजारो अंडी घालते. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या थोड्या. बहुसंख्य घरातच असतात. केवळ कुत्र्यास नाहू घालून ज्यांनी हा प्रश्न सोडवू पाहिला, त्यांना आठवड्याभरात तो पुन्हा सोडवावा लागला याचे कारण हेच.

गोचिडीच्या लाळेतून रक्तात शिरणाऱ्या रोगांना लोक सरसकट ‘गोचीडताप’ म्हणतात. वस्तुतः त्या एका नावाखाली निरनिराळे रोग आहेत. एर्लिकिया हा सूक्ष्मजंतू पांढऱ्या पेशींत घर करतो. १९३५ साली अल्जीरियातील कुत्र्यांत तो प्रथम ओळखला गेला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस व्हिएतनाममध्ये अमेरिकी लष्कराचे शेकडो कुत्रे त्याच्यामुळे दगावले, तेव्हा कुठे त्याचा कसून अभ्यास सुरू झाला. बबेसिया हा परोपजीवी तांबड्या पेशी फोडतो. त्याच्या एका जातीचा शोध तर भारतातच लागला. १९१० साली डब्ल्यू. एस. पॅटन यांनी मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या आणि नंतर कोल्ह्याच्या रक्तात ती पाहिली व तिला गिब्सोनी हे नाव दिले.

हा भेद केवळ विद्वानांच्या उपयोगाचा नाही. त्यावर मालकाचा पैसा अवलंबून असतो. एर्लिकिया प्रारंभी ओळखला गेला तर वर सांगितलेल्या डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने बहुधा बरा होतो. गिब्सोनी जातीचा बबेसिया मात्र त्या औषधास पुरता दाद देत नाही. त्यावरची औषधे वेगळी, महाग, आणि तरीही रोग शरीरात छपून राहू शकतो. म्हणून शेजाऱ्याच्या कुत्र्याला लागू पडलेल्या गोळ्या दुकानातून आणून घालणे यासारखी महागडी काटकसर दुसरी नाही. रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही तपासणी अल्पखर्चाची आहे, आणि बबेसिया पुष्कळदा तिच्यातच सापडतो.

रोगाची चाहूल अशी : ताप, अन्नावरची वासना उडणे, आठवडाभरात उतरलेले वजन, पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे तांबडे ठिपके, कधी नाकातून रक्त. ठिपके व रक्तस्राव यांचा अर्थ असा की, रक्त गोठविण्यास मदत करणाऱ्या रक्तबिंबिका फार घटल्या आहेत. येथपर्यंत थांबलेल्या कुत्र्यास रक्त चढविण्याची पाळी येऊ शकते, आणि एर्लिकियाच्या जुनाट अवस्थेत अस्थिमज्जाच निकामी झाली तर औषध हाती असूनही उपयोग होत नाही.

यावर उपाय दुहेरी करावा लागतो. कुत्र्यास पशुवैद्याच्या सल्ल्याने गोचीडनाशक गोळी, थेंब किंवा पट्टा. घराच्या भेगा बुजवणे, अंथरूण गरम पाण्यात धुणे आणि आवश्यक तेथे फवारणी. अंगावरची गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ उपटावी. बोटांनी चिरडू नये. तिच्यावर रॉकेल ओतण्याची जुनी रीत कुत्र्याच्या कातडीस भाजणारी व तो चाटत असल्याने विषारीही आहे. नव्या गोळ्या स्वस्त नाहीत, हे खरे. पण ज्या भागात गोचिडींचा उपद्रव वर्षभर आहे तेथे इतर कुठलाही खर्च कमी करावा, हा करू नये.

कुत्रीचे एक विशेष दुखणे

स्वीडनमध्ये कुत्र्यांचा विमा उतरवण्याची पद्धत पूर्वीपासून मोठ्या प्रमाणात रूढ आहे. तेथील विमा-नोंदींच्या अभ्यासातून असे दिसून आले की, शस्त्रक्रिया न केलेल्या कुत्र्यांतील मादींपैकी सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा वयाच्या दहा वर्षांच्या आत गर्भाशयात पू होण्याच्या विकाराने आजारी पडतो. माजाचा काळ उलटून काही आठवडे झाले की, कुत्री मलूल होते, फार पाणी पिते, फार मुतते, कधी योनिमार्गातून दुर्गंधीयुक्त स्राव दिसतो. स्राव न दिसणे हे अधिक घातक. तेथे गर्भाशयाचे मुख मिटलेले असून पू आतच साचत असतो. मग रातोरात शस्त्रक्रिया करावी लागते, आणि तीही विषबाधेने खचलेल्या देहावर. हीच शस्त्रक्रिया कुत्री तरुण व निरोगी असताना, ठरवून, दिवसाढवळ्या केली तर धोका व खर्च दोन्ही बरेच कमी होतात. पिलांची इच्छा नसेल तर हा निर्णय लांबणीवर टाकण्यात शहाणपण नाही. नेमके वय जातीवर व आकारावर अवलंबून असल्याने ते पशुवैद्याशी बोलून ठरवावे.

स्वयंपाकघर आणि औषधांचे कपाट

कांदा व लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. चॉकलेटमधील थिओब्रोमीन त्याच्या हृदयास व मज्जासंस्थेस भोवते, द्राक्षे व बेदाणे मूत्रपिंडास. साखरेऐवजी वापरले जाणारे झायलिटॉल तर रक्तातील साखर एकदम घसरवते. म्हणजे मटणाच्या रश्श्यात कालवलेली पोळी आणि दिवाळीच्या फराळातले बेदाणे, प्रेमाने घातलेले हे दोन घास टाळले पाहिजेत. अंगदुखीवरची आयबुप्रोफेनची गोळी कुत्र्याच्या जठरास छिद्र पाडू शकते आणि मूत्रपिंडे बिघडवू शकते. माणसाच्या कपाटातील एकही गोळी विचारल्यावाचून कुत्र्यास देऊ नये.

जन्माची सोबत करणारे आजार

१८८९ साली फोन मेरिंग व मिंकोव्स्की यांनी स्ट्रासबुर्ग येथे एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि त्याला मधुमेह झालेला पाहिला. १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्शुलिन वेगळे केले. मधुमेही माणसाचे आयुष्य ज्या प्राण्याच्या देहावर शोधले गेले, त्या प्राण्यालाही मधुमेह होतो. डुकराच्या इन्शुलिनची रासायनिक रचना कुत्र्याच्या इन्शुलिनशी तंतोतंत जुळते, म्हणून ते त्याला मानवते. परंतु दिवसातून बहुधा दोनदा, ठरल्या वेळी, जन्मभर इंजेक्शन द्यावे लागते. अशा आजारात पैशाइतकीच माणसाच्या वेळेचीही तरतूद लागते. सकाळी आठ व रात्री आठ वाजता घरात कोणी ना कोणी असणे, गावाला जाताना कोणावर तरी काम सोपवणे, हा हिशेब निदानाच्या दिवशीच कुटुंबाने एकत्र बसून करावा. मूत्रपिंडाचा जुनाट विकार, हृदयाच्या झडपा सैल होणे, सांधे झिजणे या म्हातारपणाच्या दुखण्यांनाही हेच लागू आहे. ती बरी होत नाहीत. ती सांभाळावी लागतात.

पैसा अपुरा पडतो तेव्हा

दवाखान्यात पैशाविषयी बोलण्याचा संकोच फार मालकांना वाटतो. उत्तम तेच करा असे ते सांगतात, दोन दिवसांनी बिल पाहून हादरतात, आणि उपचार मध्येच सोडून जनावर घरी नेतात. याहून वाईट परिणती नाही, कारण पैसाही जातो आणि जनावरही. आपली ऐपत पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगणे यात कमीपणा नाही. सर्वोत्तम उपचार आणि काहीच उपचार नाही, यांच्या मध्ये बऱ्याच पायऱ्या असतात.

याला एक चांगला पुरावा आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील पशुवैद्यांनी पार्व्होने आजारी असलेल्या ४० कुत्र्यांचे दोन गट केले. एका गटास रुग्णालयात ठेवून शिरेतून सलाईन व सर्व देखरेख दिली. दुसऱ्या गटास प्रारंभीची तातडीची शुश्रूषा झाल्यावर घरी राहणाऱ्या रुग्णाप्रमाणे वागवले : कातडीखाली सलाईन, ओकारीवरचे रोजचे इंजेक्शन, दीर्घकाळ टिकणारे एक प्रतिजैविक. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या गटातील शेकडा ९० आणि दुसऱ्यातील शेकडा ८० कुत्री वाचली. दुसरा मार्ग पहिल्याच्या बरोबरीचा आहे असे यावरून म्हणता येणार नाही. चाळीस ही संख्या लहान आहे, आणि दुसऱ्या गटाची देखरेखही शिकलेल्या हातांनी झाली होती. पण रुग्णालय परवडत नाही म्हणून पिलास मरणाच्या हवाली करणाऱ्या मालकासाठी शेकडा ८० हा आकडा लहान नाही. म्हणून पशुवैद्यास तीन प्रश्न विचारावेत. या तपासणीच्या निकालाने उपचार बदलणार आहेत काय? आधी काय केलेच पाहिजे आणि कशासाठी थांबता येईल? याहून कमी खर्चाचा मार्ग घेतला तर धोका किती वाढतो? आपल्या कामाची जाण असलेला पशुवैद्य या प्रश्नांनी रागावत नाही.

गरिबाच्या जनावरासाठी दवाखाना ही कल्पनाही नवी नाही. पहिले महायुद्ध चालू असताना, १९१७ साली, मारिया डिकिन या बाईंनी लंडनच्या व्हाइटचॅपल या दरिद्री वस्तीतील एका तळघरात आजारी जनावरांसाठी मोफत दवाखाना उघडला. त्यातून उभी राहिलेली संस्था आजही काम करीत आहे. भारतात पशुवैद्यक महाविद्यालयांना जोडलेली रुग्णालये हा असाच मोठा आधार आहे. मुंबईचे महाविद्यालय १८८६ पासूनचे, मद्रासचे १९०३ चे. तेथे गर्दी असते, ताटकळावे लागते, विद्यार्थी भोवती जमतात. परंतु अनुभवी अध्यापकांची नजर खासगी दवाखान्याच्या मानाने पुष्कळच कमी दरात मिळते. जिल्ह्याच्या ठिकाणचे शासकीय पशुचिकित्सालय आणि प्राणिमित्र संस्थांचे दवाखाने यांचीही चौकशी आजारपण येण्याआधी करून ठेवावी. काही भारतीय विमा कंपन्या कुत्र्याचा विमा उतरवतात. त्यात वयाची मर्यादा, आधीपासूनचे आजार आणि लसीकरणाचा दाखला यांविषयीच्या अटी असतात, तेव्हा कागद नीट वाचल्यावाचून सही करू नये. विमा नकोसा वाटल्यास कुत्र्याच्या नावाने दरमहा ठरावीक रक्कम बाजूला टाकावी. पिलू निरोगी असलेली पहिली पाच-सहा वर्षे या कामी फार उपयोगी पडतात.

या सर्वांनंतरही काही रोग हाताबाहेर जातात. कुत्रा खात नाही, उठत नाही, वेदनेने विव्हळतो, आणि कोणत्याही पैशाने त्याचे पुढचे दिवस बरे जाणार नाहीत असे पशुवैद्य सांगतो. अशा वेळी दयामरणाचा विचार करणे म्हणजे जबाबदारी झटकणे नव्हे. भुलीच्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून दिली जाते. कुत्रा आधी बेशुद्ध होतो, मग हृदय थांबते. निर्णय कठीण जात असेल तर कॅलेंडरवर रोज एक खूण करीत जावे, बऱ्या दिवसाला एक, वाईट दिवसाला दुसरी. दोन आठवड्यांच्या खुणा समोर असल्या की, घरातील सर्वांना एकच गोष्ट दिसते. अखेरच्या क्षणी ओळखीचा हात अंगावर असला तर जनावर शांत राहते, म्हणून घरातील एकाने तरी जवळ थांबावे. घरात मुले असतील तर त्यांना ‘तो गावाला गेला’ असे सांगू नये. काही शहरांत पाळीव प्राण्यांच्या दहनाची सोय आहे. जेथे नाही तेथे मृतदेह लोकवस्ती व पाण्याचे साठे यांपासून दूर, खोल खड्ड्यात पुरावा, आणि कुत्रा संसर्गजन्य रोगाने गेला असेल तर त्याची ताटली व अंथरूण दुसऱ्या जनावरास देऊ नये.